नाताळची टोपली आणि मागचे दार

दान कसे द्यावे ह्याविषयी जगातील सर्व धर्मांच्या पंडितांनी विपुल लिहून ठेवले आहे. दान घेताना माणसाच्या मनाचे काय होते, हे मात्र फार थोड्यांनी लिहिले. कारण घेणाऱ्याच्या हाती लेखणी क्वचितच आली. आपल्या नवदीक्षित कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना हे दुसरे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. म्हणून अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दरसाल नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळपर्यंत गोरगरिबांच्या सेवेची जी धामधूम चालते, तिच्याकडे आपण घेणाऱ्याच्या बाजूने पाहावे, आणि त्या सेवेत टिकाऊ काय व दिखाऊ काय ते निवडावे, असे आम्हांस वाटते. तेथील माणसे कळकळीने सेवा करतात ह्याविषयी आमच्या मनात संशय नाही. पण कळकळीने केलेल्या गोष्टीचीही परीक्षा करावी लागते.

प्रथम हा उपक्रम कसा चालतो ते सांगितले पाहिजे. तिकडील मोठ्या चर्चचे सभासद हजारांनी मोजले जातात. रविवारी एका छपराखाली गीते गाणारी ही माणसे एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी चर्चचे चालक सभासदांचे दहा-बारा जणांचे लहान गट करतात. गट आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो, बायबल वाचतो, आजार, कर्ज, मुलांची काळजी अशी घरची दुःखे एकमेकांना सांगतो व एकमेकांसाठी प्रार्थना करतो. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव ह्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की दर दहा प्रौढ अमेरिकनांपैकी चार जण कोणत्या ना कोणत्या लहान गटात आहेत. हे सर्वच गट धार्मिक नसले तरी त्यांतला मोठा हिस्सा चर्चचा आहे.

सणांचा हंगाम आला की सेवेचे काम ह्याच गटांकडे येते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा आभार मानण्याचा सण असतो. त्यासाठी टर्की पक्षी, बटाटे, डबाबंद भाज्या ह्यांची टोपली भरून गरजू घरी पोचवावयाची. नाताळसाठी एखादे कुटुंब 'दत्तक' घेऊन त्यातील मुलांना खेळणी व कोट द्यावयाचे. बेघरांच्या भोजनगृहात एक दुपार वाढप करावयाचे. ह्यांतली 'एंजल ट्री', म्हणजे देवदूताच्या झाडाची पद्धत फार लोकप्रिय आहे. १९७९ साली व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग येथे ती मुक्ती फौजेने सुरू केली. गरीब मुलाचे वय, कपड्याचे माप आणि त्याला हवी असलेली वस्तू एका चिठ्ठीवर लिहून ती नाताळच्या झाडाला टांगतात. ज्याच्या हाती ती चिठ्ठी येईल त्याने ती वस्तू आणून द्यावयाची. ही मुक्ती फौज अहमदनगरकडच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या वाचकांस परकी नाही. तिचे पहिले कार्यकर्ते १८८२ सालीच मुंबईस उतरले होते.

लहान गटाची ही कल्पना निघाली कोठून? तिचे मूळ गरिबांच्या एका पेनीत आहे, हे आज वर्तुळ करून बसणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जॉन वेस्ली ह्यांच्या मेथॉडिस्ट अनुयायांनी सभागृह बांधले होते व त्याचे कर्ज फिटत नव्हते. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी त्या विचारासाठी सभा भरली. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरू लागले, तेव्हा कोणी अडचण काढली, की पुष्कळ सभासदांजवळ पेनीसुद्धा नाही. त्यावर फॉय नावाच्या एका कप्तानाने सांगितले, की सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्यास त्यांच्या घरी जाईन. ज्याला देणे जमेल तो देईल, न जमेल त्याच्या वाटचे मी भरीन. इतरांनीही आपल्या शेजारच्या अकरा-अकरा जणांचे तसेच करावे. बारा जणांचा गट असा जन्मास आला. पेनी गोळा करण्यास गेलेल्या नायकांना चुलीजवळ काय चालले आहे ते दिसू लागले: कोणाचे मूल तापाने फणफणले आहे, कोणाचा नवरा दारूच्या गुत्त्यात आहे, कोणाचे काम सुटले आहे. १७४३ साली नियम झाले, त्यांत नायकाने प्रत्येकाला आठवड्यातून एकदा भेटावे, त्याची विचारपूस करावी आणि गरिबांच्या साहाय्यासाठी जो तो देईल ते घ्यावे, असे कलम आले. उतारवयात वेस्लींनी आपल्या लोकांना बजावून सांगितले, की दुखणाईताकडे मदत दुसऱ्याच्या हाती पाठवू नका, स्वतः जा. श्रीमंतांना गरिबांविषयी सहानुभूती नसते, कारण ते त्यांच्या घरी कधी जातच नाहीत.

पुढे नायकाने प्रत्येकाच्या घरी जाणे गैरसोयीचे ठरले, आणि सर्वांनी एके ठिकाणी जमावे असे ठरले. आजच्या गटाचे वर्तुळ ह्या सोयीतून निघाले आहे. सोयीने काम सुटसुटीत झाले हे खरे. परंतु ब्रिस्टलच्या त्या गटातील गरीब माणूस गटाचा सभासद होता, ही गोष्ट पुढच्या काळात हळूहळू सुटत गेली. स्वतःच्या पसंतीने जमणारा गट बहुधा आपल्या आळीचा, आपल्या मिळकतीचा आणि अमेरिकेत पुष्कळदा आपल्या कातडीच्या रंगाचा असतो. रविवारची सकाळची अकराची वेळ ही अमेरिकेतील अत्यंत विभक्त अशी घटका आहे, असे मार्टिन ल्यूथर किंग म्हणत असत. तशा विभक्त चर्चमधील गटाला गरीब माणूस आपल्यात सापडत नाही. तो शोधावयास बाहेर जावे लागते, आणि त्यासाठी पंचांगातील एखादी तारीख लागते.

ह्याच वेस्लींच्या पंथातून निघालेली दुसरी एक वाट आहे, आणि ती आपल्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावी. रिचर्ड ॲलन आणि ॲबसालोम जोन्स हे दोघे निग्रो बंधू गुलामीत जन्मले आणि पैसे भरून स्वतंत्र झाले. फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज ह्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये ते उपासनेस जात. तेथे एकदा प्रार्थना चालू असता गुडघे टेकून बसलेल्या जोन्स ह्यांना गोऱ्या पंचांनी ओढून उठविले, कारण ते काळ्यांसाठी ठरविलेल्या जागेबाहेर बसले होते. प्रार्थना संपताच सर्व काळे लोक एकजुटीने बाहेर पडले. देवापुढेही जागा वाटून दिलेल्या असतात, हे आपल्याला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे कळले. त्यांना ते फिलाडेल्फियात कळले.

ह्या मंडळींनी १२ एप्रिल १७८७ रोजी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' स्थापन केली. प्रत्येक सभासदाने दरमहा चांदीचा एक शिलिंग द्यावयाचा. वर्षभर वर्गणी भरल्यावर जो सभासद अडचणीत सापडेल त्याला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळावयाचे. सभासद वारला तर त्याच्या विधवेला साहाय्य व मुलांच्या शिक्षणाची सोय. ह्यात सण नाही, टोपली नाही, गीत नाही. हा हिशेब आहे. आणि त्या हिशेबात आज देणारा व उद्या घेणारा एकच माणूस आहे. आपल्याच शिलिंगांच्या डब्यातून आपल्याला शिलिंग मिळाले तर मान खाली घालण्याचे कारण उरत नाही. पुढे १७९३ साली त्या शहरात पीतज्वराची साथ आली, तेव्हा ह्याच सोसायटीच्या लोकांनी गोऱ्या रोग्यांची शुश्रूषा केली व त्यांची प्रेते उचलली. ॲलन ह्यांनी नंतर स्वतंत्र काळ्या मेथॉडिस्टांचे चर्च उभारले, ते १८१६ पासून आजतागायत चालू आहे.

आता मोठ्या शहरांतील नाताळाकडे वळू. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्को बंदरात मुक्ती फौजेच्या जोसेफ मॅकफी नामक कप्तानाने हजार गरिबांना नाताळचे जेवण घालण्यासाठी नावेच्या धक्क्यावर एक पातेले टांगले व जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्यात पैसे टाकावयास सांगितले. हा साधा आणि भला विचार होता. ती लाल पातेली आजही नाताळात अमेरिकेच्या रस्तोरस्ती घंटेसह उभी असतात. परंतु आठच वर्षांनी, १८९९ च्या नाताळात, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो गरिबांची पंगत बसली, तेव्हा वरच्या सज्जांतून शहरातील धनिक स्त्रीपुरुष ते जेवण पाहत बसले होते. भुकेलेला माणूस खातो कसा, हे पाहणे हा त्यांचा नाताळ! ज्यांच्या आजोबांनी लग्नघराबाहेर पंगत उठण्याची वाट पाहिली आहे, त्यांना ह्या दृश्याचा अर्थ फोडून सांगण्याची जरुरी नाही. आज कोणी सज्जात बसत नाही. मात्र टोपली हाती देताना छायाचित्र काढणारा गट भेटतो, आणि त्या चित्रात घेणाऱ्याचा चेहरा देणाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा अधिक स्पष्ट असतो.

ही टीका केवळ बाहेरच्यांची आहे असे कोणी समजू नये. रॉबर्ट लप्टन हे अटलांटा शहरातील ख्रिस्ती सेवक. ते गरीब वस्तीत काम करावयास गेले आणि पुढे तेथेच राहावयास गेले. पूर्वी तेच श्रीमंत कुटुंबांची गरीब कुटुंबांशी गाठ घालून देत व भेटी पोचविण्याची व्यवस्था करीत. वस्तीत राहू लागल्यावर एका नाताळात ते शेजाऱ्याच्या घरी बसले असता भेटवस्तू घेऊन पाहुणे आले. मुलांचे चेहरे फुलले. आईने संकोचून का होईना स्वागत केले. बाप मात्र मागच्या दाराने निघून गेला. आपल्या मुलांना आपण काही देऊ शकलो नाही ही गोष्ट त्यांच्यादेखत उघडी पडत होती, आणि ती पाहण्यास तो उभा राहू शकला नाही. मुलांनी बाबा कोठे गेले असे विचारले, तर आईने काय सांगावे? लप्टन ह्यांनी पुढल्या खेपेस पद्धत बदलली. देणाऱ्यांनी खेळणी कागदात न गुंडाळता आणावीत. ती वस्तीतल्या एका दुकानात मांडावीत. आईबापांनी ती अल्प किमतीत स्वतः विकत घ्यावीत व आपल्या हातांनी मुलांना द्यावीत. ज्यांच्यापाशी तेवढेही पैसे नसतील त्यांनी त्या दुकानात काम करून ते मिळवावेत. १९११ किंवा १९२० ची नव्हे, आपल्याच पिढीची ही हकीकत आहे. त्यांचा 'टॉक्सिक चॅरिटी', म्हणजे विषारी दानधर्म, हा ग्रंथ २०११ साली निघाला आणि चर्चच्या गटांतच तो पुष्कळ वाचला गेला.

मागच्या दाराने निघून गेलेला तो बाप आम्हांस ह्या सर्व विषयाचा मध्य वाटतो. त्याला आपण ओळखतो. बलुत्याचे धान्य हा गावच्या कामाचा मोबदला होता. वेशीची राखण, सांगावा पोचविणे, मेलेले जनावर ओढणे ह्या श्रमांची ती मजुरी होती. तरी खळ्यावर ते पदरात पडताना त्याला भिकेचे रूप दिले जाई, आणि मुलगा बरोबर असेल तर बापाला ते दुप्पट जड जाई. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले, त्यात बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याची तरतूद होती. धान्याऐवजी नाणे, एवढाच त्यातील फरक पाहणाऱ्यास तो हिशेबी वाटेल. खळ्यावर उभे राहावे लागणार नाही, हा त्यातील खरा फरक होता.

येथे कोणी म्हणेल, की भुकेल्या माणसाला मानापमान सुचत नाही. आधी पोट, मग प्रतिष्ठा. आमचा अनुभव असा, की हे वाक्य बहुधा पोट भरलेला माणूस उच्चारतो. आणि भुकेचाच विचार करावयाचा तर ती सणांच्या तारखा पाहून येत नाही. अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ साली १ कोटी ८० लाख कुटुंबांना वर्षात केव्हा ना केव्हा पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. म्हणजे शंभरांत साडेतेरा घरे. नाताळात एक खरी अडचण वाढते, ती अशी: १९४६ च्या कायद्याने शाळांतून दुपारचे जेवण दिले जाते व पावणेतीन कोटींपेक्षा अधिक मुले ते घेतात, त्यांतील गरीब मुलांना ते मोफत किंवा अल्प दरात मिळते. शाळेला नाताळची सुटी लागली की ते ताट बंद. त्या दोन आठवड्यांत एखाद्या गटाने आपल्या आळीतील मुलांच्या दुपारच्या जेवणाची सोय केली, तर ती सेवा अगदी नेमक्या जागी पडते. पण हे काम दिसावयास रोडके आहे. त्यात टर्की नाही, झाड नाही. भोजनगृहांचे चालक तर उघड सांगतात, की थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या दिवशी वाढपी इतके येतात की उभे राहण्यास जागा नसते, आणि फेब्रुवारीत कांदा चिरावयास माणूस मिळत नाही.

दुसरी गोष्ट हक्काची. १९६४ च्या फूड स्टँप कायद्यापासून अमेरिकेत गरिबांना अन्नखरेदीसाठी सरकारी साहाय्य मिळते. आज ते एका कार्डावर जमा होते आणि ते घेऊन माणूस इतरांच्याच रांगेत दुकानात उभा राहतो. ह्या योजनेच्या व्याप्तीपुढे धर्मादाय केवढासा आहे, हे धर्मादाय करणारेच सांगतात. अन्नपेढ्यांची देशव्यापी संस्था 'फीडिंग अमेरिका' हिचे म्हणणे असे, की तिच्या पेढ्या जेथे एक जेवण देतात तेथे ही सरकारी योजना नऊ जेवणे पुरविते. २०२५ साली केंद्र सरकारचा कारभार पैशाच्या मंजुरीअभावी ठप्प झाला आणि १ नोव्हेंबरपासून हे साहाय्य अडले. सुमारे ४ कोटी २० लाख लोक त्यावर अवलंबून होते. थँक्सगिव्हिंग चार आठवड्यांवर आला असता चर्चच्या दारांशी रांगा लागल्या; गटांनी धावाधाव केली, कपाटे रिकामी केली, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु दहापैकी नऊ जेवणे थांबल्यावर दहाव्याने काय भरून निघणार? ज्या गटाला आपली टोपली अपुरी पडल्याचे त्या नोव्हेंबरात दिसले, त्याने आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहावयास हवे होते, कित्येकांनी लिहिलेही. त्या पत्राला आम्ही टोपलीहून कमी प्रतीची सेवा मानीत नाही.

आपल्याकडेही आता वस्तोवस्ती विहार आहेत, महिला मंडळे आहेत, तरुणांचे गट आहेत. ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या लाखो लोकांना अन्नपाणी देण्यासाठी शिवाजी पार्कावर आपली मंडळे उभी असतात. तेथे वाढणारा आणि घेणारा बहुधा एकाच प्रकारच्या घरातून आलेला असतो. ज्याने गेल्या वर्षी रांगेत पोळीभाजी घेतली तोच यंदा पाण्याचे पेले भरीत असतो. ही गोष्ट आपल्याकडे आपोआप आहे, कारण आपण अजून फारसे दूर गेलेलो नाही. शहरात ज्यांची परिस्थिती सुधारली, ज्यांची मुले परदेशी गेली, त्यांच्या मंडळांना मात्र ॲलन ह्यांच्या शिलिंगाची पद्धत लवकर अंगीकारावी लागेल. नाहीतर आपल्याच वस्तीत आपण टोपली घेऊन जाऊ आणि आपलाच एखादा बाप मागच्या दाराने जाईल.

अमेरिकेतच एक उदाहरण असे आहे, की ज्यात गट, सण आणि गरज ह्यांची सांगड बरी बसली आहे. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे चार्ल्स स्ट्रोबेल हे कॅथलिक धर्मगुरू होते. १९८५ च्या थंडीत त्यांच्या चर्चच्या आवारात मोटारींमध्ये माणसे झोपलेली त्यांना दिसली. त्यांनी दार उघडून त्यांना आत घेतले. दुसऱ्या रात्री ती माणसे पुन्हा येणार हे उघड होते, आणि एकट्या चर्चला ते झेपणारे नव्हते. पुढल्या वर्षी आणखी काही मंडळ्या सामील झाल्या. बेथलेहेमच्या धर्मशाळेत येशूच्या आईबापांना जागा मिळाली नव्हती, ह्या कथेवरून त्यांनी उपक्रमाला 'रूम इन द इन', धर्मशाळेत जागा आहे, असे नाव दिले. आज त्यात सुमारे दोनशे मंडळ्या आहेत. प्रत्येकीकडे ठरलेल्या रात्री डझनभर बेघर पाहुणे येतात. गटातील कोणी त्यांना आणावयास जातो, कोणी स्वयंपाक करतो. सर्व जण एकाच टेबलाशी जेवतात. दोघे-तिघे रात्री तेथेच झोपतात. सकाळी न्याहारी होते. तोच पाहुणा पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, म्हणून त्याचे नाव लक्षात ठेवावे लागते, आणि त्याला कॉफीत साखर किती लागते तेही.

त्याच १९८६ च्या डिसेंबरात स्ट्रोबेल ह्यांच्या वृद्ध मातेचा तुरुंगातून पळालेल्या एका कैद्याने खून केला. त्या बाईंनी स्वतः आयुष्यभर गरिबांची सेवा केली होती. मुलाने मारेकऱ्याला फाशी देऊ नये असे सांगितले, आणि त्या हिवाळ्यातही चर्चचे दार बंद केले नाही. ते २०२३ साली वारले. पाहुण्यांच्या रात्री १ नोव्हेंबरला सुरू होतात आणि ३१ मार्चपर्यंत चालतात. शेवटच्या रात्री अंथरुणे घातली जातात तेव्हा नाताळचे झाड काढून तीन महिने होत आलेले असतात.